अध्यक्ष

अध्यक्षांना आम्ही अध्यक्ष म्हणायचो याचं एकच कारण, ते कशाचेही अध्यक्ष नव्हते. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात असा एक गडी असतोच. त्याला पद नसतं, खोली नसते, रोल नंबर असतो पण तो त्याला आठवत नाही. आणि तो आला नाही तर हॉलचं कुलूप उघडत नाही, माइकमधून आवाज येत नाही, पाहुणे नारळाविना घरी जातात. शिपाई त्याला नावाने ओळखतात, प्राध्यापक चेहऱ्याने आणि त्याच्या वर्गातली मुलं ऐकीव माहितीवर.

आमचे अध्यक्ष नव्वदच्या दशकाच्या शेवटी एफ.वाय. बी.एस्सी.ला आले. पहिल्या आठवड्यात बाकीची पोरं काचेच्या फलकावरचं वेळापत्रक वहीत उतरवून घेत होती, तेव्हा अध्यक्ष शेजारच्या फलकापुढे उभे होते. तिथे एन.एस.एस.ची नावनोंदणी, आर्ट सर्कलची ऑडिशन, वाङ्मय मंडळाचं उद्घाटन, वादविवाद, गिर्यारोहण, भित्तिपत्रक अशा चिठ्ठ्या टाचणीला फडफडत होत्या. संध्याकाळपर्यंत अध्यक्ष सगळीकडे नाव देऊन मोकळे झाले.

“एवढ्या सगळ्यांत?” मी विचारलं.

“एखादं लागेल की.”

सगळीच लागली. खुर्च्या उचलायला तयार असलेल्या मुलाला कुठलंही मंडळ नाही म्हणत नाही. ऑडिशनमध्ये त्यांनी दोन्ही हात वर करून एक दीर्घ स्वगत म्हटलं. आर्ट सर्कलच्या सीनियर मंडळींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्याकडे गाडी आहे का?” गाडी होती. वडिलांची एम-एटी. अध्यक्ष त्याच दिवशी बॅकस्टेजला लागले.

आता कुणी म्हणेल, एवढा उत्साह होता तर गडी निवडणुकीला का उभा राहिला नाही? निवडणूक होती कुठे! मुंबईत १९८९ साली कॉलेज निवडणुकीच्या धामधुमीत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे १९९४चा विद्यापीठ कायदा आला आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून पोस्टर, प्रचार, मतपेट्या हा सगळा मामला उठला. वर्गात ज्याला चांगले मार्क त्याला प्राचार्यांनी प्रतिनिधी नेमायचं, असं ठरलं. म्हणजे ज्या मुलाने दोन वर्षं मान वर करून खिडकीबाहेर पाहिलेलं नाही, त्याच्या हातात एके दिवशी नेमणुकीचं पत्र पडायचं. आमच्या वर्गातला पहिला आलेला मुलगा ते पत्र घेऊन घामाघूम होऊन अध्यक्षांकडे आला. “मला काय करावं लागेल?” “सही,” अध्यक्ष म्हणाले, “बाकीचं होऊन जाईल.” तेव्हापासून कॉलेजात रीतच पडली. सही टॉपरची, वजन अध्यक्षांचं. पुढे २०१६च्या कायद्याने निवडणुका पुन्हा आणल्या, २०१९मध्ये त्या घ्यायचंही ठरलं आणि पुढे ढकलल्या गेल्या. माझा अंदाज असा, की झाल्या असत्या तरी अध्यक्ष उभे राहिले नसते. उमेदवाराला मांडव घालायला वेळ कुठून मिळणार?

त्यांच्या सॅकमध्ये सुतळी, सेलोटेप, इन्सुलेशन टेप, टेस्टर, खिळे, मेणबत्ती, सार्वजनिक फोनसाठी एक रुपयाची नाणी, देणगीचं पावतीपुस्तक आणि कॉलेजची कोरी लेटरहेड असायची. वही नसायची. शिवाय एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांचा मूळ अर्ज. “माननीय प्राचार्य महोदय यांस, विषय : हॉल मिळणेबाबत.” त्या एका अर्जावर ते तीन वर्षं जगले. तारीख आणि मंडळाचं नाव बदललं की नवा अर्ज तयार. एकदा घाईत मंडळाचं नाव बदलायचं राहिलं आणि गिर्यारोहणाच्या सभेसाठी वाङ्मय मंडळाने हॉल घेतला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण दोन्हींकडे तीच माणसं.

अर्ज मात्र त्यांच्या लेखी उपचार होता. खरी परवानगी शिपाईमामांची. मामांची मुलगी कुठे शिकते, मामांचा गुडघा कुठल्या पावसात दुखतो, मामा दुपारी कुठल्या जिन्याखाली डोळा लावतात, सगळं त्यांना पाठ. प्राचार्यांची सही झालेला अर्ज घेऊन जाणाऱ्याला मामा “उद्या बघू” म्हणायचे आणि अध्यक्षांना न मागता चावी द्यायचे. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी सत्ता आणि अधिकार यांतला फरक तासभर समजावला होता म्हणे. त्या तासाला अध्यक्ष मामांबरोबर चहा पीत होते.

अध्यक्षांना जवळून पाहायचं तर उद्घाटनाच्या आधीची दहा मिनिटं गाठावी. मंचावर समई. तिच्या वाती आदल्या रात्रीच तेलात भिजत घातलेल्या, आणि आता अध्यक्ष पाठमोरे बसून प्रत्येक वातीच्या टोकाला कापराचा चुरा चिमटीने लावताहेत. पाहुण्यांनी मेणबत्ती नेली की वात पहिल्या फटक्यात पेटली पाहिजे. तिसऱ्या प्रयत्नाला सभागृह हसतं आणि पाहुणे पुढच्या वर्षी येत नाहीत. मग पंख्यांचं बटण. हॉलच्या मागच्या भिंतीवर बटणांची रांग, एकावरही नाव नाही, कुठल्या बटणाने कुठला पंखा बंद होतो हे बहुधा इमारत बांधणाऱ्यालाही ठाऊक नसावं. अध्यक्ष न बघता तीन बटणं खाली पाडतात. समईवरचा पंखा थांबतो, प्रेक्षकांवरचे चालू राहतात. एवढ्यात दारात पाहुणे येतात आणि त्यांच्याबरोबर, कुणीही न बोलावलेले, त्यांचे एक मित्र. मंचावर खुर्च्या चार, माणसं झाली पाच. प्राचार्यांच्या कपाळावर आठी. अध्यक्ष विंगेतून खुर्ची सरकवतात, सॅकमधून जास्तीचा नारळ काढतात, हार नसतो म्हणून गुच्छातली दोन फुलं काढून नवी जुळणी करतात. मित्रवर्य सत्कार स्वीकारून दोन शब्द बोलतात, ते वीस मिनिटं चालतात. कॉलेजच्या अल्बमात या समारंभाचे पुष्कळ फोटो आहेत. अध्यक्ष एकातही नाहीत. एका फोटोत मागच्या पडद्याखाली चपला दिसतात, त्या त्यांच्या.

पावसाळा उतरणीला लागला की पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते आहे, आणि सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिराच्या भिंतींनी “अरे आव्वाज कुणाचा!” ही आरोळी जेवढ्या वेळा ऐकली तेवढी नाटकंही ऐकली नसतील. तालमी रात्रीच्या. नट, दिग्दर्शक, लेखक यांची एकमेकांशी भांडणं. अध्यक्षांचं भांडण फक्त वेळेशी. सेट लावायला मिळणार मोजकी मिनिटं, म्हणून ते बॅकस्टेजच्या पोरांना अंधारात फ्लॅट आणि लेव्हल उचलायची तालीम देत. डोळे बांधून. हातात घड्याळ. “नट महिन्यात तयार होतो,” ते ज्युनियरना सांगत, “लेव्हलवाल्याला वर्ष लागतं.” प्रयोग संपल्यावर आम्ही धावत विंगेत गेलो, मी विचारलं, “अध्यक्ष, कसं झालं नाटक?”

“फ्लॅट हलला नाही,” ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

नाटकाचा शेवट काय आहे हे त्यांना बक्षीस समारंभानंतर कळलं. विंगेतून त्यांना नटांची फक्त डावी बाजू दिसत असे. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असं ठरवून पुरुषोत्तम कुणालाच दिला नाही, तेव्हा अख्ख्या पुण्यात वाद पेटला. दर्जा, परंपरा, नवी पिढी, जुने परीक्षक. आमच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही दोन तट पडले आणि लांबलचक निबंध पडू लागले. ग्रुपचे अ‍ॅडमिन अर्थातच अध्यक्ष. त्यांनी सगळं वाचून, दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न टाकला : “मग करंडक वर्षभर कुणाच्या कपाटात राहणार?”

पण त्यांचा खरा जीव फिरोदिया करंडकात. तिथे नुसतं नाटक चालत नाही. एका कथेत गाणं हवं, नाच हवा, वाद्यं हवीत, कुणी रंगमंचावर चित्र काढतं, कुणी रांगोळी, कुणी मल्लखांब. जितक्या कला तितकी माणसं, जितकी माणसं तितकी सोय. एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून आलं की रंगमंचावर चालू चाकावर मडकं घडलं पाहिजे. दिग्दर्शक कल्पना मांडून सिगरेट ओढायला गेला. अध्यक्ष एम-एटी काढून कुंभारवाड्यात. तिथल्या म्हाताऱ्या कुंभारबाबांनी चाक द्यायला साफ नकार दिला. कशाला पाहिजे ते आधी बघू, म्हणाले. अध्यक्ष त्यांनाच गाडीवर मागे बसवून तालमीला घेऊन आले. बाबांनी आमच्या कलाकाराचे हात पाच मिनिटं बघितले आणि म्हणाले, “हा पोळ्या लाटतोय.” पुढचे कितीतरी दिवस बाबा संध्याकाळी तालमीला हजर, स्वतःचा गोळा स्वतः मळून. प्रयोगात मडकं झालं जरा वाकडं, पण झालं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. परीक्षकांच्या शेजारी. अध्यक्षांनी त्यांना पास दिला होता, कुठून आणला ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

एन.एस.एस.चं तर बोलायलाच नको. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं, दोन वर्षं, आणि एक सात दिवसांचं शिबिर. बाकीचे वर्षअखेरीला तास भरत नाहीत म्हणून डायरीत वृक्षारोपण घुसडायचे. अध्यक्षांचे १२० तास विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करतानाच संपायचे, आणि त्याआधी ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना पाण्याच्या टाकीशी उभं राहण्यात गेलेले वेगळे. “नॉट मी बट यू” हे योजनेचं ब्रीद. ते म्हणणं अध्यक्षांना इतकं पटलं होतं की त्यांच्याऐवजी हजेरी नेहमी दुसऱ्यानेच दिली.

शिबिर वेल्ह्याकडच्या एका गावात होतं. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मातीने भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांनी पहिल्या संध्याकाळी ग्रामीण एकोपा या विषयावर सुरेख व्याख्यान दिलं. तोवर अध्यक्ष गावात फेरी मारून आले होते. गावात दोन भावक्या, एकमेकींशी बोलणं बंद. शाळेच्या खोल्यांची चावी एकीकडे, स्वयंपाकाची मोठी भांडी दुसरीकडे. बंधारा वरच्या बाजूला घातला तर पहिली खूश, खाली घातला तर दुसरी. सरांचं भाषण संपेपर्यंत चावीही आली होती आणि पातेलीही. कशी, ते अध्यक्षांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. पहिल्यांकडे जाऊन म्हणाले, “पातेली ते देतायत, तुम्ही मागे राहणार का?” आणि दुसऱ्यांकडे जाऊन तेच चावीचं. बंधारा मधे घातला. दोघेही नाराज झाले, म्हणजे निकाल बरोबर लागला.

ही जात फक्त मुलांत असते असा समज नको. आमच्या आर्ट सर्कलचा हिशेब ठेवणारी एक मुलगी होती. अध्यक्ष खर्च करायचे आणि ती पावती मागायची. “सुतळी, बारा रुपये, पावती?” “अगं सुतळीची कसली पावती!” “मग सुतळी परत कर.” तिच्या हॉस्टेलचं फाटक ठरल्या वेळेला बंद व्हायचं, त्यामुळे आमच्या बैठका वेळेत संपायच्या. ती नसली की बैठक रात्री बारापर्यंत आणि निर्णय शून्य. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीवाल्यांकडून वार्षिक अंकाच्या जाहिराती आणायला अध्यक्ष जायचे. ते गप्पा मारून, चहा पिऊन, दुकानदाराच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनचा प्रश्न सोडवून रिकाम्या हाताने परत यायचे. मग ती जायची आणि पाच मिनिटांत चेक घेऊन यायची.

अभ्यासाकडे वळू, अध्यक्ष वळायचे त्याच क्रमाने, सगळ्यात शेवटी. टर्म भरायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. ज्यांची भरत नाही त्यांची डिफॉल्टर लिस्ट फलकावर लागते. एका टर्मला ऑफिसातल्या मॅडम ती यादी घेऊन फलकापाशी उभ्या होत्या, मामा रजेवर, काचेच्या दाराची किल्ली सापडेना. अध्यक्ष तिथूनच चालले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, फलक उघडला, चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या, कागद सरळ आहे का ते दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, डावा कोपरा थोडा वर घेतला. “थँक यू हं,” मॅडम म्हणाल्या, “तू किती रे कामाचा मुलगा.” यादीतलं पहिलं नाव अध्यक्षांचं होतं. त्यांनी ते वाचलंही नसावं. मजकूर वाचणं हे त्यांचं खातं नव्हतं.

मला अध्यक्षांचं निव्वळ कौतुक होतं असं नाही, हेही सांगून टाकतो. निम्मी धावपळ ही गणिताच्या तासाला बाहेर राहण्याची होती, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. शिवाय ज्या गोष्टीसाठी एवढं राबायचं ती गोष्ट कधी चाखायची की नाही? तीन वर्षांत त्यांनी भरवलेल्या व्याख्यानांतलं एकही त्यांनी ऐकलं नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात ते स्वयंसेवक असायचे. तेव्हा महोत्सव रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चालायचा आणि शेवट भीमसेन जोशींच्या गाण्याने व्हायचा. अध्यक्षांची ड्यूटी सायकल स्टँडवर. भीमसेनजींचं गाणं किती वाजता संपतं ते त्यांना मिनिटाच्या हिशेबात माहीत होतं, कारण त्यानंतर स्टँडवर गर्दी फुटायची. राग कुठला होता विचारलं तर म्हणाले, “मोठा होता.”

पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण ऐकायला ते थांबायचे नाहीत.

गॅदरिंगच्या शेवटच्या दिवशी आभारप्रदर्शन. ते करायचं टॉपरने, कारण प्रतिनिधी तो. लिहून द्यायचं अध्यक्षांनी, कारण कुणाकुणाचे आभार मानायचे ते त्यांनाच माहीत. आदल्या रात्री मी त्यांच्यासमोर बसलो होतो. प्राचार्य, उपप्राचार्य, साऊंडवाले, मांडववाले, केळीवाले, मामा, मामांच्या बदलीवर आलेले मामा, कुंभारबाबा. दोन फुलस्केप भरले. “तुमचं नाव?” मी म्हटलं. त्यांनी जरा विचार केला आणि शेवटी लिहिलं, “तसेच ज्ञात-अज्ञात हातांचे.” दुसऱ्या दिवशी टॉपर वाचताना पहिल्याच पानावर अडखळला, घाबरला आणि दुसरं पान गाळून बसला. ज्ञात-अज्ञात हात तेव्हा मंचामागे जनरेटरला डिझेल घालत होते.

टी.वाय.च्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले परीक्षक अध्यक्षांना बघून उठून उभे राहिले. वर्षापूर्वी विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला त्यांना शिवाजीनगर स्टँडवरून आणायला अध्यक्षच गेले होते. “अरे वा, तुम्ही! आजची व्यवस्था तुमच्याकडेच का?” अध्यक्ष हो म्हणाले. सरांना चहा आणून दिला, त्यांच्या बसची वेळ विचारून आले, आणि मग आठवण झाल्यावर आपल्या टेबलापाशी जाऊन टायट्रेशन केलं. रीडिंग शेजारच्या मुलाचं होतं. पास झाले. एक विषय राहिला होता, तो ऑक्टोबरला निघाला.

पदवीप्रदान समारंभाच्या दिवशी आम्ही विद्यापीठात गेलो. मुंबईचे गव्हर्नर ज्या इमारतीत पावसाळा काढायचे ती दगडी इमारत, मागे ४११ एकर झाडी, अंगावर भाड्याचे झगे, आईवडील सावली शोधताहेत. अध्यक्षांना आमच्यात शोधून दमलो. ते सापडले पार्किंगपाशी, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला, लोकांना “डावीकडून घ्या, डावीकडून” सांगत. पदवीसाठी समारंभाला हजर राहायचा फॉर्म भरायची तारीख त्यांच्याकडून चुकली होती. त्या आठवड्यात ते बाकीच्यांचे फॉर्म भरून देत होते.

त्यांची पदवी पुढे पोस्टाने आली. श्रावण संपत आलेला. पोस्टमन सायकलवर गल्लीच्या तोंडाशी पोचला तेव्हा गणपतीचा मांडव चढत होता आणि एक दाढी वाढलेला तरुण तोंडात सुतळी धरून बांबूला मिठी मारून उभा होता. त्याने तोंडातली सुतळी न काढताच हाताने खूण केली, इकडून नको, वायर मोकळी आहे, मागच्या बोळातून जा. पोस्टमन मुकाट्याने सायकल वळवून मागच्या बोळातून गेला आणि पाकीट आईच्या हातात दिलं.